कुलवृत्तांतातली न निघणारी ओळ

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर तोंडी लावायला वाचतो, हे आधीच कबूल करतो. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली, कोणाच्या मागे पावलं वाजली... वाचायचं, हसायचं, बायकोला वाचून दाखवायचं. माझा धंदाच असा आहे की त्यात भूतबित बसत नाही. गेली वीस वर्षं मी जबलपुरात कम्प्युटर दुरुस्त करतो. कांचघरला दुकान आहे. कम्प्युटर बिघडला तर त्याला कारण असतं, आणि सापडलं नाही तर शोधणारा कच्चा असतो, असं मी दुकानात सगळ्यांसमोर म्हणत असे. अजूनही म्हणतो, पण आता आवाज थोडा खाली असतो.

आडनाव लिहीत नाही. इथली मराठी घरं मोजकी, एकाचं नाव लिहिलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळतं. अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त, राइट टाउनात स्वतःचं घर. घरात ते आणि माईकाकू, दोघंच. मुलगा पुण्यात. आणि एक मुलगी होती, वीणाताई. होती म्हणजे, आमच्या घरात तिच्याबद्दल असंच बोलायचं ठरलं होतं.

वीणाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मला पहिल्यांदा कम्प्युटर तिनंच दाखवला. तिच्या इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेली होती, स्वतःच्या वेळातली पंधरा मिनिटं मला दिली, माझं नाव माझ्या हातून टाइप करून घेतलं. पुढे तिनं कांचघरच्याच एका बौद्ध मराठी घरातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, रेल्वेत पक्की नोकरी, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. पण अप्पाकाकांना जात आडवी आली. त्यांनी नर्मदेच्या ग्वारीघाटावर चार नातेवाईक जमवून, तीळ-पाणी सोडून, जिवंत मुलीच्या नावानं घागर फोडली. मी तिथं होतो. तेव्हा मी कॉलेजात होतो, चांगला कळता होतो. कोणी काही बोललं नाही, आणि मीही नाही. घरी येऊन सगळ्यांनी अंघोळी केल्या आणि पिठलं-भात खाल्ला. वीणाताईच्या नवऱ्याची बदली झाली, ते जबलपूर सोडून गेले, विषय संपला.

तर आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी थंडीत अप्पाकाकांचा फोन आला.

"नितीन, अरे हे कम्प्युटर काहून असं करून राहिलं? व्हायरस घुसला आहे त्याच्यात. जल्दी ये."

अप्पाकाका आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करत होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : एका कुळातली सगळी घराणी, पिढ्यानुपिढ्या, कोण कोणाचा मुलगा, कोणाला किती अपत्यं, कुठं जन्म, कुठं लग्न, कधी मृत्यू, असं सगळं छापलेलं जाडजूड पुस्तक. जबलपूर शाखेची माहिती गोळा करायचं काम काकांकडे होतं. ते छापणाऱ्या पुण्याच्या मंडळींना फाइल पाठवायची मुदत जवळ आलेली.

मी गेलो. कम्प्युटरमध्ये व्हायरस होते, पोत्यानं होते. काका ज्याच्या-त्याच्या घरचा पेन ड्राइव्ह लावायचे, दुसरं काय होणार? तासाभरात सगळे झाडून काढले.

"झालं, काका."

"झालं नाही. हे बघ."

त्यांनी वर्डची फाइल उघडली. स्वतःच्या घराचं पान. त्यावर त्यांनी लिहिलं होतं : 'अपत्य : एक. पुत्र...' आणि मुलाचं नाव. पण पडद्यावर दिसत होतं : 'अपत्ये : दोन. १) कन्या वीणा. जन्म : जबलपूर. विवाह : . मृत्यू : .' मुलगा दोन नंबरवर सरकलेला.

"मी ही ओळ लिहिलीच नाही," काका म्हणाले. "रोज काढतो. दुसऱ्या दिवशी कम्प्युटर चालू केला की हजर."

मी हसलो. जुनी प्रत उघडत असतील, म्हातारपण. ओळ काढली, सेव्ह केली, मशीन बंद करून चालू केलं. ओळ जागेवर. पुन्हा काढली, पुन्हा आली. मग मी बाह्या सरसावल्या. अँटिव्हायरस बदलून पाहिला, इंटरनेट तोडलं, फाइलमधला मजकूर साध्या नोटपॅडमध्ये टाकून त्याची कोरी नवी फाइल केली. तीतही मशीन सुरू केल्यावर पहिली ओळ... कन्या वीणा.

मागे स्वयंपाकघराच्या दारात माईकाकू उभ्या होत्या. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी ती ओळ वाचली, ओठ हलवत, पोथी वाचतात तशी. मग आत गेल्या आणि माझ्यासाठी शिरा घेऊन आल्या. न सांगता शिरा! मला वाटलं पुतण्याचे लाड आहेत.

दुसऱ्या दिवशी काका घरात नसताना काकूंनी मला धरलं.

"नित्या, राहू दे ना रे ते. कोणाचं काय जाते?"

"अहो काकू, व्हायरस आहे तो. त्याला माया लावली तर सगळा कम्प्युटर खाईल."

"खाऊ दे. रोज सकाळी येते बघ ती. सुखरूप आहे म्हणूनच येते ना? हे तर नाव घेऊ देत नाहीत घरात. मी सकाळी वाचून घेते, मग दिवसभर बरं वाटते."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात भलताच दिवा पेटला. हीच टाइप करत असणार! काका अंघोळीला गेले की ही बसत असेल. मी हे काकांना सांगितलं. का सांगितलं? कारण मला माझं बरोबर ठरायला हवं होतं. दुसरं कारण नाही.

काकांनी माझ्यासमोर काकूंना खुर्चीत बसवलं. "चल, लिहून दाखव. तुझ्या लाडकीचं नाव लिही." काकूंचं वय चौऱ्याहत्तर. त्यांनी भीत-भीत एक बोट कीबोर्डवर ठेवलं आणि ते तसंच ठेवून बसल्या. पडद्यावर एकच अक्षर धावत सुटलं, ओळीच्या ओळी. "मला हे चालूसुद्धा करता येत नाही हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. काका म्हणाले, "ऊठ. कीबोर्ड ओला करशील." मी पडद्यावरची अक्षरं पुसत बसलो.

तरी माझा संशय फिटला नाही. खोलीला कुलूप लावलं, किल्ली मी नेली, पासवर्ड मी टाकला. सकाळी उघडलं तर नाव हजर. मशीन उचलून कांचघरला दुकानात आणलं, तिथंही तेच. शेवटी हार्ड डिस्क काढून नवी बसवली, सगळं नव्यानं भरलं. यापुढे कुठला व्हायरस टिकत नाही, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. मशीन राइट टाउनला नेऊन लावलं, काकांनी फाइल उघडली... 'अपत्ये : दोन.'

"तुझ्याच्यानं होत नसेल तर सांग," काका म्हणाले. "सिविल लाइंसला दुसरा एक आहे, त्याला बोलावतो."

हे मला लागलं. तिथूनच पुढचं सगळं झालं.

मी ती ओळ नीट पाहत बसलो. आधी कधी पाहिलीच नव्हती, नुसती काढत होतो. लक्षात आलं की फाइल उघडली की कर्सर दरवेळी एकाच जागी असतो, 'मृत्यू' शब्दाच्या पुढे, रिकाम्या जागेत. फाइल उघडल्यावर कर्सर पानाच्या सुरुवातीला हवा. हा तिथंच लुकलुकत होता. विवाहापुढे मी काहीबाही टाइप करून पाहिलं, तर मशीन बंद-चालू केल्यावर ते पुसलं गेलं. म्हटलं, फॉर्ममध्ये कसं असतं, एखादा रकाना रिकामा राहिला की फॉर्म तुम्हाला पुढे जाऊ देत नाही, तसलं काही असेल.

"काका, मृत्यूचा रकाना भरून टाकू का?" मी विचारलं. खरं सांगायचं तर थट्टेत विचारलं. "घागर तर तुम्ही फोडलीच आहे."

काका हसले नाहीत.

"भर," म्हणाले.

"तारीख कुठली टाकू?"

"टाक तुला सुचेल ती."

मी टाकली. दिवस, महिना, वर्ष. तीन वर्षांपूर्वीची एक तारीख. तीच का, हा प्रश्न मी स्वतःला लाख वेळा विचारला आहे. घागर फोडली ती तारीख नव्हे, कोणाचा वाढदिवस नव्हे, काही नव्हे. बोटं गेली तिकडे गेली.

काकांच्या हातातला पाण्याचा पेला सुटला.

"कोणी सांगितली तुला ही तारीख?"

"कोणी नाही. अशीच."

"कोणी सांगितली?"

"काका, अहो तुम्हीच म्हणाला ना, सुचेल ती टाक."

त्यांनी वाकून खाली पडलेला पेला उचलला. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "अच्छा. ठीक आहे. आता काढ ती ओळ."

मागे कपबश्या वाजल्या. माईकाकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वाचलं होतं.

"नित्या... जिवंत पोरीच्या नावापुढे तारीख टाकलीस?"

"काकू, ते नुसतं..."

"जिवंत कुठली?" काका म्हणाले. "घाटावर पाणी सोडलं तेव्हाच मेली ती. आज कागदावर आली, इतकंच. नितीन, काढ म्हटलं ना."

काकूंनी माझा हात धरला. घट्ट धरला. त्यांच्या हाताला वेलचीचा वास होता. मी त्यांचा हात सोडवला, अगदी हळू, वडीलधाऱ्या माणसाचा सोडवतात तसा, आणि ओळ काढली.

मशीन बंद केलं, चालू केलं. 'अपत्य : एक.' पुन्हा केलं. 'अपत्य : एक.' चार वेळा, पाच वेळा केलं. गेली! मी टेबलावर थाप मारून ओरडलो, "निकल गया!" इथं खोटं लिहून काय उपयोग? मला आनंद झाला होता. पंधरा दिवस छळणारी गोष्ट मी काढली होती. काकांनी पेढा दिला, मी तो खाल्ला, दुसरा मागून घेतला. काकू ट्रे घेऊन आत गेल्या. चहा कोणी प्यायला नाही.

त्यानंतर रोज सकाळी माईकाकू कम्प्युटरपाशी येऊन उभ्या राहायच्या. हे मला काकांनीच फोनवर सांगितलं, मजेत. आणि काका त्यांच्यासाठी तो मुद्दाम चालू करायचे! आधी घरात लेकीचं नाव घेऊ न देणारा माणूस आता त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवायचा, ते पान उघडायचा आणि म्हणायचा, "बघ. आहे का? नाही ना? चल, आता पोळ्या कर." फाइल पुण्याला गेली त्या दिवशीही त्यांनी तसंच दाखवलं.

काकांच्या मशीनची काढलेली जुनी हार्ड डिस्क माझ्याकडे दुकानात पडून होती. जुनी डिस्क दुसऱ्या कामाला घेण्याआधी मी तिच्यातलं पुसलेलं सगळं एकदा वर काढून पाहतो, कोणाचे फोटो-बिटो राहिले असतील तर द्यायला. ही माझी जुनी सवय. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती डिस्क लावली. बरंच काही निघालं. त्यात काकांचे पुसलेले मेल होते. काकांना मेल मीच शिकवला होता, कम्प्युटरवर प्रोग्रॅम घालून दिला होता.

एक मेल वीणाताईच्या नवऱ्याचा होता. तीनच ओळी.

'वीणा आज पहाटे गेली. आईंना कृपया सांगावे. आपण येणार असाल तर संध्याकाळपर्यंत थांबतो.'

वरची तारीख मी वाचली. मग खिशातून मोबाइल काढून कॅलेंडर उघडलं, जणू तारीख तिथं वेगळी निघाली असती. तीच होती. दिवस, महिना, वर्ष. मी टाकलेली.

खाली काकांचं उत्तर होतं, तासाभरात पाठवलेलं : 'आमच्याकडे या नावाचे कोणी नाही. पत्ता चुकला आहे.'

म्हणजे काकांना माहीत होतं. तीन वर्षं. काकू रोज तुळशीला पाणी घालताना तिच्या नावानं एक तांब्या जास्त घालायच्या, ते हा माणूस खिडकीतून पाहत होता आणि पेपर वाचत होता.

मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिलो. मला वीणाताईची ती पंधरा मिनिटं आठवली. माझ्या मागे उभं राहून, "घाई करू नको, एक-एक अक्षर दाब," म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काका भाजी आणायला जातात ती वेळ साधून मी राइट टाउनला गेलो. काकूंना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. दार उघडलं तर काकू निम्म्या झालेल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

"ती गेली रे," म्हणाल्या. "तू तारीख टाकलीस आणि गेली. त्याच्या आधी रोज येत होती."

"काकू, तसं नाही..."

"मग कसं?"

काय सांगणार होतो? तुमची पोरगी तीन वर्षांपूर्वीच गेली, तुम्हाला अग्नीला बोलावणं आलं होतं, आणि ज्यांच्या ताटात तुम्ही तेव्हापासून वाढताय त्यांनी ते पुसून टाकलं? एवढं एका सकाळी त्यांच्या पदरात टाकायचं आणि त्यांना त्याच माणसाबरोबर घरात ठेवून दुकानात निघून जायचं? मी गप्प राहिलो. यात मोठेपणा काही नाही, मी घाबरलो. घाटावर गप्प राहिलो होतो तसाच इथंही.

"मी परत टाकतो तिचं नाव," एवढंच म्हणालो.

काकूंनी स्वतः खुर्ची पुसून दिली. मी मशीन सुरू केलं. पान उघडलं आणि एक-एक अक्षर दाबून लिहिलं : कन्या वीणा. जन्म : जबलपूर. विवाहापुढे तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. मृत्यूपुढे काहीच लिहिलं नाही. सेव्ह केलं. बंद केलं, चालू केलं.

'अपत्य : एक.'

पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. नवी फाइल करून त्यात फक्त तिचं नाव लिहिलं, तर फाइल उघडली कोरी. मोबाइलवर लिहून, तिथून पाठवून पाहिलं. माझ्या लॅपटॉपवर लिहिलं. नाव सेव्ह केलं तर प्रिंटरवर कोरा कागद यायचा, न करता प्रिंट काढली तर मशीन अडकून बसायचं. ज्या ओळीला मी पंधरा दिवस बाहेर काढू शकत नव्हतो, तिला आता एक दिवस आत ठेवता येईना. काकू शेजारी हात जोडून बसल्या होत्या. दुसरं कुठलंही नाव लिहिलं तर राहत होतं. माझं राहिलं.

फाटकाची कडी वाजली, काका पिशवी घेऊन आत आले. आम्हा दोघांना पाहून त्यांनी पिशवी ठेवली आणि कम्प्युटरचं बटण बंद केलं. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणालो, "मेल वाचला मी." ते म्हणाले, "कुठला मेल?" डोळ्यांची पापणी हलली नाही. मग म्हणाले, "तुझ्या काकूला सांगायचं असेल तर सांग, जा. मरेल ती. मग तिचीही तारीख तूच टाक." त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेलो नाही.

कुलवृत्तांत छापून आला. माझ्याकडे एक प्रत आहे. त्या पानावर काकांना एकच अपत्य आहे. मी पेनानं समासात तिचं नाव लिहिलं आहे. ते मात्र राहिलं आहे, पण काकूंच्या प्रतीत लिहायची काकांच्या घरात सोय नाही.

तुमच्यापैकी जे माझ्या धंद्यातले आहेत ते म्हणतील मॅक्रो असेल, टेम्पलेट बिघडलं असेल, बॅकअपची गडबड असेल. म्हणा. मी हे सगळं तुमच्याआधी तपासलं आहे. आणि तारखेचं काय? ती कुठल्या टेम्पलेटमध्ये होती? कधी वाटतं, तिला फक्त एवढंच हवं होतं की घरातल्या कोणीतरी तो रकाना भरावा, आईला कळावं, आणि त्यासाठी ती माझी बोटं घेऊन गेली. आणि मी ते आईपर्यंत पोचवलंच नाही. कधी वाटतं की हे सगळं मी नंतर स्वतःला सांगायला रचलं आहे.

मंगळवारी काका जुन्या कार्यालयातल्या मित्रांकडे जातात. तेव्हा माईकाकूंचा फोन येतो. माझ्या दुकानातल्या मशीनमध्ये ती फाइल आहे, हे त्यांना माहीत आहे.

"नित्या, आलं का रे नाव?"

मी दर वेळी खरोखर फाइल उघडून पाहतो. "नाही काकू, अजून नाही."

"अच्छा," त्या म्हणतात. "तू बघत राहा बेटा. त्या दिवशी मी तुझा हात जोरात धरायला पाहिजे होता."